आप्पांच्या धोतराची झबली

कोपरखैरणे,
डिसेंबर, रविवार

तीर्थरूप आई आणि आप्पा,

शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आई, परवा तू विचारलंस, "रात्र-रात्र मशीन चालवतेस, मग पैसे का घेत नाहीस?" फोनवर ते नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय. आप्पा, तुम्ही तिला मोठ्यानं वाचून दाखवा. ऑपरेशन झालं असलं तरी अजून तिच्या डोळ्यांना ताण नको.

ऑफिसातल्या माझ्या मैत्रिणीचं बाळ दिवस भरायच्या आधीच झालं, श्रावणात. वजन पावणेदोन किलो. दुकानातलं सगळ्यात लहान झबलंसुद्धा त्याच्या खांद्यावरून घसरायचं. शिवाय डॉक्टरांनी बाळाला तासन्‌तास आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवायला सांगितलं होतं. कांगारू मदर केअर म्हणतात त्याला, आईच्या अंगाची ऊब बाळाला थेट मिळते. म्हणजे झबलं पुढून पूर्ण उघडणारं हवं, डोक्यावरून घालायचं नकोच. आप्पा, मे महिन्यात तुमचं जुनं धोतर मी घेऊन आले होते ना, ते काढलं. इतकी वर्षं धुऊन धुऊन त्याला जो मऊपणा आलाय, तो नव्या मलमललाही नसतो.

शिवण बाहेरच्या बाजूला ठेवली, कारण त्या कातडीवर दोऱ्याची रेघसुद्धा उमटत होती. बटण नाही, हूक नाही. एक नाडी आतून, एक बाहेरून, दोन्ही आखूड, म्हणजे गळ्याभोवती जायला नकोत. गळ्याला उरेप, म्हणजे कापडावर तिरकी कापलेली, पट्टी लावली, तीही धोतराचीच, कारण सरळ पट्टी वळणावर ताठ राहते आणि मानेला घासते. कापड इतकं विरलं होतं की मशीनचे दात ते खालीच ओढायला लागले. मग अकरा नंबरची सुई घातली, कापडाखाली कागदाची पट्टी ठेवून टाके घातले आणि नंतर कागद फाडून काढला. तू जॉर्जेटच्या ब्लाऊजला करायचीस तसंच.

आता या झबल्याचे पैसे किती सांगायचे? आई, शिवणाऱ्या बाईनं फुकट शिवावं असं मी कधीच म्हणणार नाही. तुझ्या फॉल-पिकोवर आमच्या शाळेच्या फिया भरल्या गेल्यात, आणि पाच-दहा रुपयांसाठी बायका दारात कशी घासाघीस करायच्या तेही मी पाहिलंय. मला महिन्याचा पगार आहे, म्हणून मला निवड करता येते. ऑर्डर घेतली की माप आणि तारीख विचारायची, उरकायचं, पुढचं घ्यायचं. मला ते नकोय. ते मूल कुठल्या कुशीवर झोपतं, शी-शूचं कधी सांगतं, त्याला काय टोचतं, हे विचारायला मला वेळ हवा असतो. मोजपट्टीवर हे येत नाही.

खालच्या मजल्यावरचा तिसरीतला मुलगा तुला आठवतो ना? त्याच्या बोटांत जोर कमी आहे, शर्टाची बटणं लावता येत नाहीत. वर्गात बाई लावून द्यायच्या आणि त्याला ते अगदी नको व्हायचं. मी त्याच्या गणवेशाची बटणं उसवली, काजे शिवून बंद केले आणि त्या काज्यांवरच बटणं पुन्हा लावली. आतून वेल्क्रोचे तुकडे: मऊ बाजू वरच्या पट्टीला, खरखरीत बाजू खालच्या पट्टीला, बाहेर तोंड करून, म्हणजे छातीला लागणार नाही. त्याच्या आईला एवढंच सांगितलं की धुताना वेल्क्रो बंद ठेव, नाहीतर त्यात दोरे आणि केस अडकतात. बाहेरून त्याचा शर्ट वर्गातल्या सगळ्यांसारखाच दिसतो. आता तो स्वतः दाबून लावतो आणि शाळेच्या बसला सगळ्यांच्या आधी उभा असतो.

बाजाराच्या पिशव्या तर चालूच आहेत. 2018च्या जूनमध्ये प्लॅस्टिकबंदी आली तेव्हापासून मैत्रिणींना मी तेच देते. आप्पा, पिशवीचा बंद जिथे जोडते तिथे चौकोन आणि त्यात फुली शिवते. तुम्ही मार्केटमध्ये पोत्याच्या तोंडाला दाभणानं टाके घालायचात, ते ओझं उचलताना कधी उसवायचे नाहीत. ताण येतो तिथेच जास्त टाके, हे मी तुमच्याकडूनच शिकले. पाच किलो कांदे त्या पिशवीत निर्धास्त येतात.

कापड बहुतेक उल्हासनगरच्या गजानन मार्केटमधून आणते. इथून ठाण्याला जाऊन गाडी बदलायची, एवढंच. आणलं की आधी रात्रभर भिजवते. सुती कापड न आटवता कापलं की दुसऱ्या धुण्यात मुलाच्या पोटावर चढतं.

आता एक काम. ते बाळ आता गुटगुटीत झालंय आणि संक्रांतीला त्याचं बोरन्हाण आहे. काळं झबलं बेतून ठेवलंय. हलव्याचे दागिने त्याची आजी करणार आहे. पण मला त्याला खणाची कुंची करायची आहे आणि ती काही जमत नाहीये. मानेशी चुण्या किती घ्यायच्या, कपाळावर किती कापड सोडायचं, अस्तर आधी जोडायचं की चुण्या घालून झाल्यावर? आई, तू सांग, आणि आप्पा, तुम्ही कागदावर उतरवून घ्या. ती वीत आणि बोटं सांगेल, ती तशीच लिहा, इंच मी करीन. जमलं तर वर्तमानपत्रावर पुरी कुंची कापून पाठवा. शेजारचे काका पुढच्या आठवड्यात एसटीनं मुंबईला येणार आहेत, त्यांच्याकडे द्या.

सोबत आणखी एखादं जुनं धोतर असेल तर तेही. नवं मी घेऊन ठेवलंय, संक्रांतीनंतर येताना आणते.

तुमची लेक