रोजच्या शब्दाचं वाक्य आमच्याकडून घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत कोपऱ्यात रोज एक इंग्रजी शब्द येतो ती चौकट मी कापून ठेवते. कात्रणं ठेवायची सवय जुनीच. पण खरं सांगू का, शब्द छान असतात आणि खालचं वाक्य वाचलं की जांभई येते. परवा 'युबिक्विटस' होता, म्हणजे जिथे बघावं तिथे हजर असलेलं, आणि वाक्य काय तर 'मोबाइल फोन्स आर युबिक्विटस टुडे'. व्याकरण चोख आहे हो, पण संध्याकाळपर्यंत कोणाच्या लक्षात राहणार हे? त्यापेक्षा 'आमच्या बिल्डिंगमधल्या खालच्या मजल्यावरच्या काकू युबिक्विटस आहेत, जिन्यात त्या, गच्चीवर त्या, भाजीच्या गाडीवर पण त्याच' असं लिहिलं असतं तर ज्यांच्या बिल्डिंगमध्ये अशा काकू आहेत (कुठे नाहीत?) त्यांना तो शब्द जन्मभर पुरला असता.

माझं म्हणणं एवढंच आहे, की असले अवघड, विचित्र शब्द अर्थ पाठ करून येत नाहीत, आपल्या माणसांवर वाक्य करून येतात, आणि वाक्य जितकं आगाऊ तितका शब्द पक्का.

आमच्या घरी रात्रीच्या जेवणाला हा खेळ चालतो. शब्द कोणीही आणायचा, अर्थ सांगायचा, आणि ताटावरून उठायच्या आत प्रत्येकानं घरातल्या नाहीतर गल्लीतल्या खऱ्या गोष्टीवर त्याचं वाक्य करायचं, वाक्य मराठीत चालतं, शब्द तेवढा इंग्रजी. आता बॉर्बोरिग्मस घ्या. पोटातून गुडगुड आवाज येतो ना त्याला डॉक्टर लोक हे म्हणतात, मूळ ग्रीक आहे आणि बोलून बघा, शब्दच पोटासारखा गुडगुडतो. माझ्या मुलीचं वाक्य होतं, 'एकादशीला दुपारी चारनंतर आज्जीच्या बॉर्बोरिग्मसपुढे सिरियलचा आवाज ऐकू येत नाही.' सासूबाईंनी अर्थ विचारला, सांगितला, तर म्हणाल्या आमच्या वेळी पोटात कावळे ओरडायचे, आता हे कोण आलं. पण मजा अशी की तेव्हापासून त्याच म्हणतात, "अगं कुकर लाव लवकर, माझं बॉर्बो सुरू झालंय." शाळेत कधी इंग्रजी न शिकलेली बाई. कुठल्या क्लासला जमलं असतं हे?

क्लासचा विषय निघालाच आहे तर बोलूनच टाकते. स्पर्धा परीक्षांना 'वन वर्ड सबस्टिट्यूशन' नावाचा प्रकार असतो, एका वाक्याऐवजी एक शब्द, त्यासाठी पोरं जाडजूड याद्या घोकतात, फिलॅटेलिस्ट म्हणजे तिकिटं जमवणारा, मिसॅन्थ्रोप म्हणजे माणूसघाणा, सोमनॅम्ब्युलिस्ट म्हणजे झोपेत चालणारा, आणि पेपर देऊन बाहेर आले की पाटी कोरी. आमच्या शेजारचा मुलगा याद्या घोकघोक घोकायचा आणि सोमनॅम्ब्युलिस्टला दरवेळी अडायचा. मग त्याला सांगितलं की तुमच्याकडे पहाटे पाच वाजता नळाला पाणी येतं आणि तुझी आई डोळे मिटूनच उठते, नळ सोडते, पिंप लावते आणि परत येऊन पडते, ती कोण? झालं, एकदम फिट बसलं. आता तो आईला सोमनॅम्ब्युलिस्ट म्हणूनच हाक मारतो, त्याबद्दल मला बोलणी खावी लागतात तो भाग वेगळा.

आणि हे माझ्या मनाचं नाही बरं का. अमेरिकेत शिकायला जाणारी मुलं जीआरई देतात, त्यातसुद्धा पूर्वी नुसते विरुद्धार्थी शब्द आणि शब्दांच्या जोड्या विचारायचे, त्यासाठी आपल्याकडची पोरं हजारो शब्दांच्या याद्या पाठ करायची. २०११ साली परीक्षा बदलली तेव्हा ते प्रश्न काढूनच टाकले आणि वाक्यातल्या रिकाम्या जागा भरा यावर भर दिला, म्हणजे शब्द वाक्यात कसा बसतो ते बघायला लागले. उशिरा का होईना कळलं.

मजेची गोष्ट म्हणजे ज्या शब्दांना आपण घाबरतो त्यातले बरेचसे जन्मालाच मस्करीतून आलेत. शशी थरूरांनी २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये आपल्या नव्या पुस्तकाबद्दल ट्वीट करताना फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन हा शब्द टाकला आणि अख्खा देश डिक्शनरी उघडून बसला, चॅनेलवाले अँकर तो उच्चारताना धापा टाकत होते. अर्थ काय, तर एखादी गोष्ट कवडीमोलाची ठरवणं. इंग्रजीत लिहिला तर २९ अक्षरं होतात. पण तो आला कुठून? जुन्या लॅटिन व्याकरणात एक नियम होता, फ्लॉकी, नॉकी, निहिली, पिली हे सगळे शब्द 'क्षुल्लक किमतीचं' या अर्थानं चालतात, आणि कंटाळलेल्या कोणीतरी ते चारही एकापुढे एक जोडून मागे शेपूट लावलं. अठराव्या शतकापासून तो आहे. म्हणजे क्षुल्लक, फालतू, भिकार, टुकार हे चारही जोडून आपण 'क्षुल्लकफालतूभिकारटुकारीकरण' म्हणावं तसंच की! आमच्याकडे भाजी आणली की मिस्टर तिचं जे करतात ते हेच, वांगी किडकी, कोथिंबीर जून, टोमॅटो महाग, आणि स्वतः पिशवी घेऊन मंडईत एकदा जाणार नाहीत.

तसंच अल्ट्राक्रेपिडेरियन. हा माझा सगळ्यात आवडता, कारण याला गिऱ्हाईक शोधायला लागत नाही, नाक्यावर गेलं की झालं. ज्यातलं आपल्याला ओ की ठो कळत नाही त्यावर ठामपणे मत ठोकणारा तो अल्ट्राक्रेपिडेरियन. याची गोष्ट पण फक्कड आहे. अपेलीस नावाचा ग्रीक चित्रकार होता, त्याच्या चित्रातल्या चपलेत एका चांभारानं चूक काढली, ती अपेलीसनं मुकाट्यानं दुरुस्त केली, तर दुसऱ्या दिवशी हा बाबा पायाच्या चित्राबद्दल बोलायला लागला, बोट दिलं की हात धरायचा त्यातला प्रकार. तेव्हा अपेलीस म्हणाला, बाबा रे तू चपलेच्या वर जाऊ नकोस. त्या 'चपलेच्या वर' मधून हा शब्द निघाला आणि १८१९ मध्ये विल्यम हॅझलिट नावाच्या लेखकानं गिफर्ड नावाच्या टीकाकाराची त्यात बिनपाण्यानं केली. गंमत अशी की हा गिफर्ड लहानपणी खरोखरच चांभाराकडे उमेदवारीला होता, म्हणजे टोमणा दुधारी. (असा टोमणा मारणं बरं नव्हे, कोणाच्या लहानपणच्या कामावरून बोलू नये, पण शब्द मात्र उरला.) आमच्या ग्रुपवर एक गृहस्थ आहेत, सकाळी शेअर बाजार, दुपारी रोहित शर्मानं काय करायला पाहिजे होतं, रात्री रशिया-युक्रेन, आणि स्वतःच्या स्कूटरला किक बसत नाही. एवढं वर्णन करण्यापेक्षा एक शब्द टाकला की काम होतं, आणि त्यांना तो कळत नाही म्हणून भांडणही होत नाही.

आता तुम्ही म्हणाल ही बाई इंग्रजीचं एवढं कौतुक का करतेय, मराठी पेपर आहे हा. तर साहेब मी राहते देवळाली कॅम्पला, आणि आमच्या गावानंच इंग्रजीला एक असा शब्द दिलाय की विचारू नका. इंग्लंडमध्ये अजूनही एखाद्याचं डोकं फिरलं की 'ही हॅज गॉन डूलॅली' म्हणतात. हे डूलॅली म्हणजे आमची देवळाली! ब्रिटिशांच्या काळात नोकरीची मुदत संपलेले गोरे सोल्जर इथे छावणीत येऊन थांबायचे, मुंबईहून जहाज मिळेपर्यंत. पण सैन्य नेणारी जहाजं वर्षभर नाही, ठरावीक महिन्यांतच सुटायची, त्यामुळे जो चुकीच्या वेळी आला तो महिनोन्‌महिने अडकला. काम नाही, धंदा नाही, वर ऊन, हातात दारू, घरची ओढ, मग काय होणार, एकेकाचं डोकं फिरायचं. त्याला ते म्हणायचे 'डूलॅली टॅप', आणि हा टॅप म्हणजे नळ नाही, आपला ताप! पुढे ताप गळून पडला आणि नुसतं डूलॅली राहिलं. ज्या गावात मुंबईची माणसं सॅनेटोरियममध्ये राहून हवापालट करायला येतात त्याच गावाचं नाव साहेबाच्या देशात वेड लागण्यासाठी वापरतात, आता बोला. माझा भाचा तिकडे नोकरीला आहे, त्याची मॅनेजर एकदा वैतागून म्हणाली, या एक्सेल शीटनं मी डूलॅली होणार आहे, तर हा शांतपणे म्हणतो, "मॅडम, मी तिथलाच आहे, दर उन्हाळ्याच्या सुट्टीत मावशीकडे असायचो." तिला वाटलं हा थट्टा करतोय. शेवटी मॅप उघडून दाखवावा लागला.

इंग्रजीतला मंगूज पण आपल्या मुंगसावरून गेलाय. बोंबलाला इंग्रजीत बमलो म्हणतात, तोही आपल्या बोंबलावरूनच गेला असं मानतात. तेव्हा एवढं दबून जायचं कारण नाही, थोडंसं आपल्याच घरचं सामान आहे त्यात. आमची पिढी पाचवीला एबीसीडी शिकली, पहिलीपासून इंग्रजी राज्यात २००० साली आलं, त्याआधीच्या मराठी मीडियमवाल्यांना अजूनही चारचौघांत इंग्रजी बोलायचं म्हटलं की घाम फुटतो. पण बॉर्बोरिग्मस समोर ठेवा, तिथे कॉन्व्हेंटवाला आणि झेडपीवाला एकाच लायनीत, दोघांनाही येत नाही!

आणि शब्दांशी खेळणं आपल्याला काय शिकवायला पाहिजे का? कोट्या करणं आपल्या रक्तात आहे, आणि उखाणा म्हणजे तरी काय, एक ठरलेलं नाव कसंही करून दोन ओळींत बसवायचं. या संक्रांतीला आमच्या हळदीकुंकवाला मी अट घातली, उखाण्यात एक तरी अजब इंग्रजी शब्द पाहिजे, नाहीतर वाण मिळणार नाही. आधी सगळ्या 'अय्या काहीतरीच' करत होत्या, मग एकजण उठली:

पहिला पाऊस पडला, सुटला पेट्रिकोर,
...रावांचं नाव घेते, चहा ठेवा समोर.

पेट्रिकोर म्हणजे पहिल्या पावसाचा मातीचा वास, १९६४ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी केलेला शब्द आहे. त्यावर दुसरीला चेव आला:

पुरणपोळीवर तूप, आमटीला कढ आला,
...रावांचा बॉर्बोरिग्मस मंडपभर ऐकू गेला.

नंतर जे सुरू झालं ते आवरेना. तिळगूळ संपला तरी बायका उठेनात.

घरच्या खेळात अजून एक प्रकार आम्ही करतो, मधूनच कोणीतरी खोटा शब्द घुसवायचा आणि बाकीच्यांनी पकडायचा. याला तर फार मोठा आधार आहे. वेबस्टरच्या १९३४ च्या डिक्शनरीत 'डॉर्ड' नावाचा शब्द छापला होता, अर्थ दिला होता घनता. असा शब्दच नव्हता! घनतेसाठी मोठा किंवा छोटा डी वापरतात अशी चिठ्ठी कोणीतरी लिहिली होती, 'डी ऑर डी', ती जोडून वाचली आणि शब्द तयार. १९३९ मध्ये लक्षात आलं, तोपर्यंत तो बिनधास्त छापला जात होता. एवढ्या विद्वान माणसांच्या नाकाखालून गेला तर आमच्या घरात 'फ्लुंब्रिकेट' गेला त्यात काय नवल.

एक मात्र सांगते, हे शब्द खेळायला आहेत, रुबाब करायला नाहीत. काहीजण असे शब्द समोरच्याला गप्प करायला वापरतात, मीटिंगमध्ये टाकतात आणि समोरचा चाचरला की मिशीत हसतात, ते मला अजिबात आवडत नाही. माझा साधा हिशोब आहे, शब्दाचा अर्थ लगेच सांगायची तयारी असेल आणि वाक्य ऐकून समोरचा पण हसणार असेल तर वापरा. नोकरीच्या अर्जात, नगरपालिकेच्या तक्रारीत, आणि डॉक्टरांसमोर तर नकोच नको. 'डॉक्टर, बॉर्बोरिग्मस होतोय' म्हटलंत तर ते आधी विचारतील गूगल कधीपासून बघताय.

तर माझी विनंती अशी, की चौकट चालू ठेवा, शब्द आणि अर्थ तुम्हीच द्या, त्यात तुमचा हात कोणी धरणार नाही, पण वाक्य रिकामं सोडा. वाचकांना पाठवू द्या, मराठीत, मिंग्लिशमध्ये, उखाण्यात, कशीही, आणि रविवारी त्यातली पाच-सहा छापा. बक्षीस ठेवू नका, बक्षीस ठेवलं की लोक नेटवरून उचलून पाठवतात. राजकारण्यांवरची वाक्यं वेगळी काढा नाहीतर 'स्नॉलिगॉस्टर' दिलात की टपालाचा ढीग पडेल (तत्त्व सोडून फायदा बघणारा पुढारी, अजून काय सांगू). आणि शब्द असे निवडा की जे घरात सापडतील, जेंटॅक्युलर घ्या, म्हणजे न्याहारीसंबंधी, नाशिककरांना रविवारच्या मिसळीवर वाक्य सुचणार नाही असं होणं शक्यच नाही.

सुरुवात 'ग्रोक' पासून करा असं सुचवते. जुना स्कॉटिश शब्द आहे, दुसरा खात असताना काही न बोलता त्याच्याकडे एकटक बघत बसणं, आपल्यालाही मिळेल या आशेनं. माझं वाक्य तयार आहे, सोबत पाठवतेय, पण ते आमच्या मिस्टरांवर आणि त्यांच्या डायबेटिसवर आहे आणि तुमचा पेपर घरात आधी तेच उघडतात, तेव्हा कृपा करून नाव छापू नका.

आपली,
एक नियमित वाचक,
देवळाली कॅम्प