विमा कंपन्यांच्या इमारती दुरुस्तीतच गमावू नयेत

महोदय,

मुंबईच्या आर्ट डेकोचा, म्हणजे दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या वास्तुशैलीचा, विषय निघाला की तो ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्हच्या पलीकडे सहसा जात नाही. २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नाव लागल्यापासून तर नाहीच. त्याच काळात फोर्टात उभ्या राहिलेल्या कार्यालयीन इमारती मात्र मागेच राहतात. खरे तर दोन महायुद्धांच्या मधल्या मुंबईची आर्थिक उमेद मरीन ड्राइव्हच्या गोलसर बाल्कन्यांपेक्षा याच इमारतींत जास्त दिसते.

महात्मा गांधी रस्त्यावरची न्यू इंडिया अ‍ॅशुरन्सची इमारत घ्या. कंपनी सर दोराबजी टाटांनी १९१९ मध्ये काढलेली, इमारत १९३६ ची. आराखडा मास्टर, साठे अँड भुता यांचा, शिल्पे ना. ग. पानसरे यांची. विम्यात तेव्हा परदेशी कंपन्यांचा जोर होता आणि हप्ता भरणाऱ्याला कंपनी टिकेल याची खात्री हवी असे. ती देण्याचे काम इमारतीवरही होते. त्यासाठी ग्रीक खांब किंवा सिंह न लावता येथे शेतकरी, कुंभार आणि सूत कातणाऱ्या स्त्रिया उठावशिल्पांत आल्या, आणि सरळ वर चढणाऱ्या उभ्या पट्ट्यांनी दर्शनी भागाला उंची दिली. सर फिरोजशहा मेहता रस्त्यावरची १९३८ ची लक्ष्मी बिल्डिंगही याच वास्तुरचनाकारांची. ती लाला लजपतराय यांनी उभ्या केलेल्या लाहोरच्या विमा कंपनीसाठी बांधली गेली आणि तिच्या माथ्यावर थेट लक्ष्मीच बसवली आहे! स्वदेशी भांडवलाने स्वतःची ओळख या भिंतींवर करून दिली, म्हणून येथे जपायचे ते भिंतीचे बाह्यांगच.

आणि पहिला घाव पडतो तोही त्यावरच. या पिढीतल्या आरसीसी (सळया घातलेल्या काँक्रीटच्या) इमारतींना पाडणाऱ्यांइतकाच धोका दुरुस्ती करणाऱ्यांकडून आहे. त्या काळी सळईवरचे काँक्रीटचे कव्हर बऱ्याचदा अर्धा ते एक इंच असे. आजचे काँक्रीटचे भारतीय मानक, आयएस ४५६, समुद्रकाठच्या उघड्या काँक्रीटला ४५ मिलिमीटर मागते. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत मुरतो, काँक्रीटची क्षारता उतरते आणि सळईचे संरक्षण जाते. त्यात खारी हवा आणि गळके पावसाळी पाइप. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जाते, त्यामुळे छज्जाच्या खालच्या कडेला आधी केसासारखी चीर दिसते आणि मग पापुद्रा सुटतो.

नुकसान किती खोल आहे हे कळायला साधी चाचणी आहे. काँक्रीटचा ताजा तुकडा काढून तिथे फिनॉल्फ्थेलिन हे क्षारता दाखवणारे रसायन फवारायचे. गुलाबी झाले तेवढे शाबूत, रंग न बदलणारा थर निकामी. सळईपर्यंत गुलाबी रंग दिसत नसेल, तर वरून कितीही महागडा रंग लावा, उपयोग नाही. ही चाचणी वगळून थेट प्रति चौरस मीटर ‘गिलावा काढणे व नवीन करणे’ अशी निविदा काढली, की कंत्राटदार छिन्नी-हातोडा घेऊन उठावशिल्पे आणि सपाट भिंत एकाच दराने सोलतो. त्यावर दीड-दोन इंचांचा नवा थर चढला की पट्ट्यांच्या कडा बोथट होतात, सावली पडत नाही आणि इमारत चेहरा सुजल्यासारखी दिसते.

ठिगळ लावतानाही पथ्य आहे. सळईच्या मागे निदान २० मिलिमीटर मोकळे करून गंज पूर्ण घासावा, मगच पॉलिमर मॉर्टर भरावे आणि ते ओले ठेवावे. पुढची गोष्ट अनेक अभियंतेही विसरतात: नव्या ठिगळातली सळई सुरक्षित होते, पण तिला लागून असलेली, खाऱ्या हवेतले मीठ मुरलेल्या जुन्या काँक्रीटमधली सळई उलट लवकर गंजते. म्हणून ठिगळाच्या कडेला सळईशी जस्ताचे अ‍ॅनोड, म्हणजे सळईऐवजी स्वतः झिजणारे तुकडे, बांधतात. खर्च थोडा वाढतो, पण दर पाच-सहा वर्षांनी पुन्हा परांची चढवावी लागत नाही.

बाह्य भिंत दगडाची की रंगीत सिमेंटच्या गिलाव्याची हे नुसत्या नजरेने ठरवू नये. दोन्हींना सँडब्लास्टिंग (वाळूचा मारा) आणि अ‍ॅसिड वर्ज्य. कमी दाबाचे पाणी आणि नायलॉनचा मऊ ब्रश पुरतो. हवाबंद, रबरासारख्या इलॅस्टोमेरिक रंगाने आतली ओल कोंडते आणि फुगे येतात. लोखंडी खिडक्यांची सहसा खालचीच पट्टी खाल्लेली असते. तेवढी कापून नवी वेल्ड करता येते. तिथे अ‍ॅल्युमिनियमची सरकती खिडकी बसवली की जाड चौकट येते आणि अर्धीच उघडते. एसीची बाहेरची यंत्रे छज्जाला भोके पाडून न टांगता गच्चीवर किंवा मागच्या चौकात न्यावीत.

१९९५ च्या वारसा नियमांनी इमारतींचे दर्जे ठरवले, पण दुसऱ्या दर्जात आतल्या बदलांना अटींसह वाव आहे, त्यामुळे प्रवेशदालनातली टेराझो फरशी, पितळी कठडे, लिफ्टच्या जाळ्या बोलबोलता भंगारात जातात. वारसा समितीने परवानगी देताना तीन गोष्टी सक्तीच्या कराव्यात: चाचणीचा अहवाल, दर्शनी भागाची मोजमापासह नोंद, आणि शिल्पांसाठी शिल्पकाराच्या देखरेखीखालचे वेगळे काम. शिवाय कोपऱ्यात एक चौरस मीटरचा नमुना करून तो एक पावसाळा तसाच ठेवावा आणि त्यानंतरच पूर्ण इमारतीच्या कामाला हात घालू द्यावा.

— एक स्ट्रक्चरल इंजिनीअर, मुंबई