मुलांच्या चित्रांसाठी मुलांनाही विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबी भागातील मराठी शाळेत मी चित्रकला शिकवत असे. निवृत्तीच्या काही वर्षे आधी बालचित्रकलेवर पीएच.डी. करणारे एक संशोधक शाळेत आले. वरून परवानगी होती. पाचवीच्या मुलांनी ‘माझे घर’ रंगवले आणि चित्रांचा गठ्ठा त्यांच्याबरोबर गेला. पालकांच्या सहीचा कागद इंग्रजीत होता. आमच्याकडे घरात मराठी, बाजारात कन्नड. सह्या आल्या, पण कशावर केल्या हे कुणालाच ठाऊक नव्हते. मीही अडवले नाही, याची खंत अजून आहे.

पुढे प्रबंधाची प्रत शाळेत आली. एका मुलीच्या घराला खिडकी नाही, भिंती काळपट आहेत, म्हणून ती ‘एकलकोंडी, दडपणाखालची’ असे त्यात लिहिले होते. ते घर मी पाहिले आहे. पाऊस भिंतीत मुरू नये म्हणून मृगाआधी तिच्या घराला गवताचा आडोसा बांधतात. खिडकी त्याच्याआड जाते. चित्र जुलैतले होते. पोरीने दिसले तसे काढले, भिजून काळ्या पडलेल्या गवतासकट!

चित्रावरून मूल जोखण्याची रीत जुनीच आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्लोरेन्स गुडइनफ यांनी १९२६ मध्ये मुलांनी काढलेल्या माणसाच्या चित्राला गुण देऊन बुद्धी मोजण्याची चाचणी मांडली. मानसशास्त्राने चित्राकडे पाहू नये असे मी म्हणत नाही. पण कला, शिक्षण आणि मानसशास्त्र एकत्र आणायचे तर तिन्हींतली माणसे एकत्र बसली पाहिजेत, आणि गावचा पाऊस माहीत असलेले कुणीतरी सोबत हवे.

ती मुलगी सातवीत असताना मी तिला प्रबंधातले तिचे चित्र दाखवले. खालचा मजकूर हाताने झाकला होता. तिने विचारले, “सर, माझं नाव का घातलं नाही?” चित्राखाली फक्त क्रमांक होता. तिच्याबद्दल जे लिहिले होते ते पाहता नाव नव्हते हे बरेच झाले. पण चित्र तिचे होते. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार चित्राचा कर्ता ते काढणाराच, त्याला वयाची अट नाही. संशोधनाची नीती नाव झाका म्हणते, कलेची रीत नाव लिहा म्हणते. या पेचाचे उत्तर संशोधकाने एकट्याने ठरवू नये. मुलाला आणि आईवडिलांना त्यांच्या भाषेत विचारावे. वैद्यकीय संशोधनासाठीच्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत पालकांच्या संमतीबरोबरच सात वर्षांपुढील मुलाचाही होकार घ्यायला सांगितले आहे. मग चित्रे नेताना तो का घेऊ नये?

के. बी. कुलकर्णी सरांच्या हाताखाली चित्रकार रवी परांजपे ज्या बेळगावात शिकले, तिथल्या कलाशिक्षकांनी तरी हा विषय हाती घ्यावा. कुणी चित्रे मागायला आले तर आधी तीन गोष्टी विचाराव्यात: कागद मराठीत किंवा कन्नडमध्ये आहे का, मुलांना विचारले का, आणि चित्रे परत कधी देणार.

आमच्या शाळेची ती चित्रे परत आलेली नाहीत. संबंधितांच्या वाचनात हे पत्र आले तर त्यांनी ती शाळेच्या पत्त्यावर पाठवावीत. ती मुलगी आता मोठी झाली आहे, पण भेटली की अजून तिच्या चित्राची चौकशी करते.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक
खानापूर, जि. बेळगाव