बॅकअप सर्व्हर बदलताना वाट दाखवणाऱ्या सरांना जाहीर आभारपत्र

आदरणीय सर,

आमच्या सांगलीतल्या रुग्णालयाच्या नव्या बॅकअप सर्व्हरला, म्हणजे डेटाच्या राखीव प्रती ठेवणाऱ्या यंत्राला, कोणत्या डिस्क घ्याव्यात, एवढंच आम्ही विचारलं होतं. तुम्ही उलट विचारलंत, "सगळं बंद पडलं तर किती तासांत पुन्हा सुरू व्हायला हवं?" त्या प्रश्नाने आमच्या योजनेचा क्रमच बदलला. हे आभार जाहीर मानतोय, कारण तुम्ही दिलेलं मार्गदर्शन इतर रुग्णालयांच्या आणि पतसंस्थांच्या संगणक विभागांनाही उपयोगी पडेल.

हिशोब तुम्ही साधा मांडलात. २० टीबी डेटा एक गिगाबिटच्या नेटवर्कवरून परत आणायचा, वेग सेकंदाला ११० एमबी धरला, तर ५० तास लागतात. रुग्णालयाला ते परवडणारं नाही, म्हणून १० गिगाबिट हवं. पण मग अडतं ते डिस्कपाशी. प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर (आमचं बॅकअपचं सॉफ्टवेअर) व्हर्च्युअल मशीनच्या, म्हणजे एका यंत्रात सॉफ्टवेअरने चालवलेल्या संगणकांच्या, डिस्कचे ४ एमबीचे तुकडे करून ठेवतो, म्हणजे २० टीबीला जवळपास ४८ लाख फायली. त्या विखुरलेल्या असतात आणि फिरत्या डिस्कचा वेग तिथेच मरतो. १६ टीबीच्या आठ डिस्क एकाच रेड-झेड२ मध्ये (कोणत्याही दोन डिस्क गेल्या तरी डेटा राहील अशा गटात) बांधल्या तर ९६ टीबी मिळतात खरे, पण विखुरलेलं वाचन साधारण एका डिस्कइतकंच होतं. तुम्ही चार मिरर जोड्या (जोडीतल्या दोन्ही डिस्कवर तोच डेटा) सुचवल्यात. जागा ६४ टीबीवर आली, पण रिस्टोअरचा, म्हणजे डेटा परत आणण्याचा, वेग हाती राहिला. हा सौदा योग्यच आहे.

जोडीला मेटाडेटासाठी (कोणता डेटा कुठे आहे त्याच्या नोंदींसाठी) दोन एसएसडींचं स्पेशल व्हीडेव्ह, म्हणजे वेगळा डिस्क-गट, वीज गेली तरी लिहिलेलं सांभाळणारं. तेही मिररच, कारण ते गेलं की सगळा पूल, म्हणजे सर्व डिस्कचा मिळून साठा, जातो. शिवाय ते डेटा भरण्याआधीच जोडायचं. आधीच लिहिलेला मेटाडेटा आपणहून तिकडे सरकत नाही. डिस्कचे गट स्वतः बांधणारं रेड कार्ड नको, डिस्क नुसत्या जोडून देणारं साधं एचबीए घ्या. एसएमआर डिस्क (ज्यांत लेखनाच्या पट्ट्या एकमेकींवर चढवलेल्या असतात) स्वस्त मिळाल्या तरी नकोत, कारण डिस्क बदलल्यावर त्यांचं पुनर्भरण फार रेंगाळतं. या दोन ओळींनी आमचं खरेदीपत्रकच दुरुस्त झालं.

डिस्क आल्या की लगेच पूल बांधू नका, हेही तुमचंच. बॅडब्लॉक्स या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्रामची पूर्ण लेखन-चाचणी चार नमुने लिहिते आणि वाचते, १६ टीबीला आठवडा सहज जातो, म्हणून आठही डिस्कवर एकदम लावायची. ब्लॉकचं माप ४०९६ द्यायचं, नाहीतर एवढ्या मोठ्या डिस्कवर ती सुरूच होत नाही. नंतर स्मार्टमधले, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवते त्या तब्येतीच्या नोंदींतले, ५, १९७ आणि १९८ हे (खराब जागांचे) आकडे पाहायचे. १९९ (डेटा पोचण्यातल्या चुका) वाढत असेल तर आधी केबल बदलायची, डिस्कला दोष देऊ नये.

प्रत्यक्ष स्थलांतरातल्या तीन अडचणींबद्दल तुम्ही आधीच बजावलंत, आणि त्याबद्दल सगळ्यांत मोठे आभार.

पहिली, मालकीची. जुन्या सर्व्हरकडून नव्या सर्व्हरने डेटा ओढून घ्यायचा, त्यासाठी जुन्यावर फक्त वाचनाचा हक्क असलेलं टोकन (प्रवेश-परवाना). पण सिंक जॉब (हे ओढून घेण्याचं काम) रूट या सर्वाधिकारी खात्याच्या नावाने चालला तर सगळे बॅकअप गट रूटच्या मालकीचे होतात, आणि त्या रात्री नेहमीच्या टोकनने आलेला बॅकअप मालकी तपासणीत नापास होतो. म्हणून जॉब लावतानाच मालक नेमून द्यायचा.

दुसरी, किल्लीची. नवं स्टोरेज जोडताना एन्क्रिप्शनची (डेटा कुलूपबंद करण्याची) नवी किल्ली तयार केली तर जुन्या तुकड्यांशी काहीच जुळत नाही, डीडुप्लिकेशन (सारखे तुकडे एकदाच ठेवणं) शून्य होतं आणि पहिल्याच फेरीत जागा दुपटीकडे जाते. जुनीच किल्ली चढवायची आणि तिची कागदी प्रत इमारतीबाहेर ठेवायची, कारण किल्ली नसेल तर बॅकअप असून नसल्यासारखा.

तिसरी, पहिल्या रात्रीची. बदललेले भाग टिपणारा डर्टी बिटमॅप नव्या सर्व्हरसाठी कोरा असतो, त्यामुळे प्रत्येक मशीनची पूर्ण डिस्क वाचली जाते. पाठवला जाणारा डेटा थोडा असला तरी उत्पादनातल्या स्टोरेजवर ताण येतो. म्हणून रोज मोजक्याच मशीन नव्या सर्व्हरवर वळवायच्या.

जागेचंही तुम्ही नीट समजावलंत. प्रून केल्याने (जुन्या प्रती छाटल्याने) फक्त स्नॅपशॉट, म्हणजे त्या त्या वेळच्या प्रतींच्या नोंदी, जातात. कोणत्याच प्रतीला न लागणारे तुकडे पुसून जागा मोकळी करतं ते गार्बेज कलेक्शन, आणि तेही २४ तास ५ मिनिटांत वापरलेल्या तुकड्याला हात लावत नाही. शिवाय त्यालाही डिस्कवर थोडं लिहावं लागतं, म्हणून काठोकाठ भरलेला पूल स्वतःला मोकळाच करू शकत नाही. सुरुवातीलाच ८५ टक्क्यांवर कोटा लावायचा तो यासाठी.

दुसऱ्या प्रतीसाठी आमच्या मनात कोल्हापूर होतं. तुम्ही २०१९ च्या ऑगस्टची आठवण दिलीत. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर होती, धोक्याची पातळी ४५, आणि त्याच आठवड्यात पंचगंगेने कोल्हापूरही वेढलं होतं. एका पुरात दोन्ही प्रती जाणार असतील तर दुसरी ठेवून उपयोग काय! म्हणून पुणे ठरलं. १०० मेगाबिटच्या लाइनवरून पहिले २० टीबी जायला १८ दिवसांहून जास्त लागतात, म्हणून पुण्याचं यंत्र आधी इथेच भरून मग गाडीने न्यायचं, हा मार्गही तुम्हीच दाखवलात.

सूचनांच्या मेलबद्दल तुम्ही गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड ठेवणाऱ्या सेवेचं उदाहरण दिलंत. ३१ जानेवारी २०१७ ला त्यांचा डेटाबेस पुसला गेला, तेव्हा कळलं की सॉफ्टवेअरची आवृत्ती न जुळल्याने रोजचा डंप (डेटाबेसची प्रत) होतच नव्हता, आणि अपयशाचे मेल डीमार्क या मेल-पडताळणीमुळे नाकारले जात होते. मेल आला नाही म्हणजे सगळं ठीक, असं धरायचं नाही. यशाचाही मेल हवा आणि तो न आल्यास कुणीतरी विचारलं पाहिजे.

व्हेरिफाय (बॅकअपची पडताळणी) हिरवं दिसलं की काम झालं, असं तुम्ही मानू दिलं नाहीत. व्हेरिफाय तुकड्यांचे चेकसम (मजकुरावरून काढलेले ओळख-आकडे) तपासतं. आतला डेटाबेस उघडतो का, ते सांगत नाही. म्हणून बाहेर न जोडलेल्या ब्रिजवर (आभासी नेटवर्कवर) मशीन रिस्टोअर करायची, नाहीतर तोच आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) दोन ठिकाणी उभा राहतो. मग डेटाबेस सुरू करून कालच्या तारखेची नोंद शोधायची, आणि लागलेला वेळ लिहून ठेवायचा. तो आकडा तुमच्या पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात बसला, तरच जुना सर्व्हर केवळ-वाचन अवस्थेत टाकायचा आणि जुन्या प्रतींची मुदत संपेपर्यंत त्याच्या डिस्कना हात लावायचा नाही.

या सगळ्यासाठी तुम्ही एक पैसाही घेतला नाहीत, आणि रात्री उशिरा विचारलेल्या प्रश्नांनाही आकड्यांसकट उत्तरं दिलीत. रिस्टोअरच्या वेळांचा तक्ता सोबत पाठवत आहोत. त्यात काही खटकलं तर नक्की कळवा.

आपले कृतज्ञ,
संगणक विभाग, सांगलीतील एक रुग्णालय