घोषणेनंतरची अट कोण लिहितं?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

घोषणांनी देशाचं राजकारण कसं फिरतं यावर आपल्या अंकात गेले काही दिवस जे छापून येतंय ते वाचतोय. लिहिणाऱ्यांचा सगळा जोर घोषणा पसरते कशी यावर आहे. रील किती चालली, हॅशटॅग कोणी काढला, कोणत्या नेत्यानं ती उचलली. मी आर्णी तालुक्यात सरकारी योजनांचे अर्ज भरून द्यायचं सेवा केंद्र चालवतो. मोबाइलवर गाजलेली घोषणा माझ्याकडे पोचते ती फार उशिरा, अर्ज होऊन. तोवर तिला निकष, कागदपत्रांची यादी आणि शेवटची तारीख चिकटलेली असते. या मधल्या प्रवासावर कोणीच लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

'सातबारा कोरा', म्हणजे सातबाऱ्यावरचा कर्जाचा बोजा पुसून टाका, हीच घोषणा घ्या. जून २०२५ मध्ये शेतकरी नेते बच्चू कडू गुरुकुंज मोझरीला उपोषणाला बसले, जुलैत पापळहून चिलगव्हाणपर्यंत पायी चालले आणि २८ ऑक्टोबरला नागपूरच्या वेशीवर ट्रॅक्टर आडवे लागले. त्या आठवड्यात आमच्याकडच्या पोट्ट्यांच्या स्टेटसला दुसरं काही नव्हतं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं रस्ता मोकळा करायला सांगितलं, मुंबईत बैठक झाली आणि मुख्यमंत्र्यांनी ३० जून २०२६ पर्यंत कर्जमाफीचा निर्णय घेऊ असं जाहीर केलं. प्रवीण परदेशी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. घोषणेनं आपलं काम केलं, हे कोणीही मान्य करावं. महायुतीच्या २०२४ च्या जाहीरनाम्यात कर्जमाफी होतीच, पण तिला तारीख नव्हती. तारीख रस्ता अडल्यावर मिळाली.

आता कोणाचं कर्ज, कोणत्या तारखेचं, किती लाखांपर्यंतचं, हे समितीच्या खोलीत ठरणार. आणि नेमक्या त्याच गोष्टींवर घोषणेत एक अक्षर नाही.

यापूर्वी काय झालं ते माझ्या टेबलावरून दिसलं. २०१७ ला छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना आली. मर्यादा दीड लाखाची, तीही कुटुंबाला मिळून. नवरा-बायकोनं सोबत यायचं, आधार दाखवायचा, अंगठा लावायचा. कापूस वेचून वेचून बोटांच्या रेषा पुसट झालेल्या बायांचा अंगठा मशीन घेत नसे. त्या फडक्यानं बोट पुसून पुन्हा पुन्हा लावायच्या. कर्ज दीड लाखाच्या वर असेल तर वरची रक्कम आधी भरा, मग माफी. ज्याच्याकडे भरायला पैसे असते तो थकीत कशाला राहिला असता? दोन वर्षांनी महात्मा जोतीराव फुले योजना आली. अंगठ्याचा त्रास बराच कमी झाला, मर्यादा दोन लाखांवर गेली. पण ३० सप्टेंबर २०१९ ला खातं थकीत पाहिजे, आणि मुद्दल-व्याज मिळून दोन लाखांच्या वर गेलं की सगळंच बाद. बायकोचे दागिने गहाण ठेवून ज्यानं वेळेवर हप्ता भरला, त्याला प्रोत्साहनाचे पन्नास हजार कबूल झाले आणि तो पुढं कितीतरी दिवस त्यांचीच चौकशी करत राहिला.

दोन्ही वेळा घोषणा एकच होती. विरोधी बाकावर असताना आपल्याकडच्या जवळपास प्रत्येक पक्षानं ती दिली आहे आणि सत्तेत आल्यावर आपापली अट लिहिली आहे.

यातून सगळ्यात आधी कोण सुटतं? आमच्याकडे मक्त्यानं, म्हणजे भाड्यानं, दुसऱ्याचं वावर करणारे मक्तेदार पुष्कळ आहेत. मालक यवतमाळला किंवा नागपूरला राहतो, मक्ता आगाऊ घेतो, लिहून काही देत नाही. त्यामुळे पीककर्ज मालकाच्या नावावर आणि बी-बियाणं, खत, फवारणी हे सगळं मक्तेदाराच्या उधारीवर, कृषी केंद्रवाल्याकडे नाहीतर सावकाराकडे. बँकेचा बोजा सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात चढतो, सावकाराचा कुठंच चढत नाही. नागपूरचं आंदोलन जोरात होतं तेव्हा असाच एक मक्तेदार पीकविम्याचं विचारायला आला. कोणीतरी त्याला म्हटलं, तुझंही भलं होईल बाप्पा. तो म्हणाला, "माहा सातबारा तं पयलेच कोरा हाये भाऊ. माहं नावच नाई त्याच्यावर." सगळे हसले, तोही हसला. कास्तकाराच्या बायकोचंही असंच. निंदणापासून वेचणीपर्यंत ती शेतात असते, पण बहुतेक घरी सातबारा सासऱ्याच्या नाहीतर नवऱ्याच्या नावावर असतो. हे लोक घोषणा देणाऱ्या गर्दीत असतात, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून जातात, लाभार्थ्यांच्या यादीत मात्र नसतात.

दिल्लीतही हेच चालतं, फक्त आकडे मोठे. २० मार्च २०१४ ला आमच्याच तालुक्यातल्या दाभडीत नरेंद्र मोदींची 'चाय पे चर्चा' झाली. उत्पादन खर्चावर पन्नास टक्के नफा धरून भाव, हा त्या निवडणुकीतला मोठा वायदा होता. शेतकरी संघटना स्वामिनाथन आयोगाचं नाव घेऊन तेच मागत होत्या. 'दीडपट हमीभाव' म्हणायला सोपं, भिंतीवर लिहायलाही सोपं. २०१५ मध्ये केंद्रानं सर्वोच्च न्यायालयात सांगितलं की असा भाव देणं शक्य नाही. मग २०१८ च्या अर्थसंकल्पात दीडपट भाव जाहीर झाला. तीन वर्षांत काय बदललं? खर्च मोजायची पद्धत. आंदोलकांच्या डोक्यात सी-२ होता, त्यात जमिनीचा खंड म्हणजे भाडं आणि भांडवलावरचं व्याजही धरतात. सरकारनं ए-२ अधिक एफएल धरला, म्हणजे प्रत्यक्ष केलेला खर्च आणि घरच्यांची मजुरी. घोषणा अक्षरशः पूर्ण झाली, कोणाला खोटं म्हणता येईना. दीडपट मागितलं होतं ना, घ्या दीडपट. कशाच्या दीडपट, हे घोषणेत नव्हतं. २०२५-२६ ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता आणि खुल्या बाजारात दसरा-दिवाळीला तो त्याच्या पार खाली विकला गेला, ही आणखी वेगळी गोष्ट.

त्यामुळे मला वाटतं की जिथं काहीतरी नको असतं तिथं घोषणा लवकर जिंकते, आणि जिथं काहीतरी हवं असतं तिथं ती समितीत जाते. २०२०-२१ चं तीन कृषी कायद्यांविरुद्धचं दिल्लीच्या सीमेवरचं आंदोलन बघा. 'कानून वापसी नहीं, तो घर वापसी नहीं.' सरकारनं दुरुस्त्या देऊ केल्या, दीड वर्ष कायदे स्थगित ठेवू म्हटलं, आंदोलक हलले नाहीत. १९ नोव्हेंबर २०२१ ला पंतप्रधानांनी कायदे मागे घेत असल्याचं जाहीर केलं. त्याच आंदोलनाची दुसरी मागणी होती हमीभावाच्या कायद्याची. तिच्यासाठी जुलै २०२२ मध्ये समिती आली आणि कायदा काही आला नाही. एकाच तंबूतल्या दोन मागण्या होत्या या.

२०२४ च्या लोकसभेलाही नको म्हणणारी घोषणाच चालली. 'चारशे पार' ही सत्ताधाऱ्यांची. त्यांच्याच काही लोकांनी चारशे कशाला हवेत याचं उत्तर राज्यघटना बदलण्यासाठी असं दिलं, आणि 'संविधान वाचवा' विहारांतून, मजुरांच्या मोबाइलवरून, चहाच्या टपऱ्यांवरून आपोआप फिरायला लागलं. विदर्भातल्या दहा जागांपैकी भाजप आणि मित्रांकडे नागपूर, अकोला, बुलढाणा या तीनच राहिल्या. देशात भाजप २४० वर थांबला. दिल्लीच्या पंडितांनी सगळं श्रेय घोषणेला दिलं. कापूस आणि सोयाबीनच्या भावाचा राग त्यांना दिसला नसावा, त्याची रील नव्हती. तरी घोषणेचं वजन कमी लेखता येणार नाही. ७ जूनला संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात मोदींनी संविधानाची प्रत कपाळाला लावली, ती या घोषणेनंच लावायला लावली. आणि नोव्हेंबरच्या विधानसभेला याच गावांनी वेगळा कौल दिला. तोवर लाडक्या बहिणीचे दीड हजार खात्यात जमा होत होते.

माझ्या या हिशोबात न बसणारी एक गोष्ट आहे. चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ ला बायको-मुलांसह जीवन संपवलं. त्यांच्या आठवणीत दरवर्षी १९ मार्चला राज्यभर लोक एक दिवस जेवत नाहीत. किसानपुत्र आंदोलनाची ही हाक आहे आणि मागणीही नको असलेले कायदे रद्द करण्याचीच आहे: जमीनधारणा, आवश्यक वस्तू, भूसंपादन. पण ते समजावून सांगायला अर्धा तास लागतो. उपाशी माणसाचा व्हिडिओ कोण पुढे पाठवतो? कडूंची यात्रा चिलगव्हाणला आली तेव्हा कॅमेरेही आले आणि यात्रेबरोबर गेले.

घोषणा टाकून द्या असं माझं म्हणणं नाही. ज्या 'चले जाव'च्या लाटेत १६ ऑगस्ट १९४२ ला आष्टी आणि चिमूर पेटलं, तिचा ठराव त्याआधी १४ जुलैला वर्ध्यातच काँग्रेस कार्यकारिणीनं लिहून मंजूर केला होता. काय हवं, कोणाकडून हवं, नाही मिळालं तर काय करू, असा मजकूर आधी कागदावर आला, मग ८ ऑगस्टला मुंबईत त्यावर शिक्का बसला आणि लोकांच्या तोंडी दोन शब्द राहिले. आज उलटं चाललंय. दोन शब्द आपण देतो आणि मजकूर मंत्रालयात लिहिला जातो.

म्हणून कडू आणि त्यांच्यासोबतच्या नेत्यांना विनंती आहे की समितीपुढे तुम्ही कोणते निकष मांडलेत, ते शब्द न् शब्द गावच्या ग्रुपवर टाका. थकीत असण्याची तारीख कोणती मागितली? नियमित भरणाऱ्याचं काय? मक्तेदाराला ओळखायचं कशावरून, ई-पीक पाहणीतल्या पिकाच्या नोंदीवरून की ग्रामसभेच्या ठरावावरून? आणि संपादकसाहेब, आपल्याला विनंती अशी की २०१७ आणि २०१९ च्या दोन्ही शासन निर्णयांच्या अटी एका पानावर शेजारी शेजारी छापा. त्या पानाच्या झेरॉक्स मी माझ्या खर्चानं प्रत्येक गावच्या सोसायटीत लावतो. मक्त्यानं वावर करणाऱ्यांची नावं, गट नंबर आणि पेऱ्याची नोंद मी एका वहीत घ्यायला लागलो आहे. ही वही तहसीलला द्यायची, कृषी खात्याला द्यायची की थेट समितीला पाठवायची, एवढं आपल्या मुंबईच्या वार्ताहराकडून विचारून छापलंत तर फार बरं होईल.

आपला,
एक सेवा केंद्रचालक
ता. आर्णी, जि. यवतमाळ