आधी गाणं, मग मालिका

‘आभाळमाया’चं शीर्षकगीत लागलं की आमच्या पंचवटीतल्या वाड्यात आई गॅस बारीक करून पिठाच्या हातांनीच बाहेर यायची. मालिका नंतर, आधी गाणं! ‘वादळवाट’चंही तेच. दोन्हींचे संगीतकार अशोक पत्की. असंख्य जिंगल्स केल्यामुळेच मिनिटभरात चाल मनात रुजवणं त्यांच्या हातात बसलं असावं. कोकणी ‘अंतर्नाद’ चित्रपटासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, हे मात्र आमच्या गल्लीत कुणाला ठाऊक नाही. हल्ली शीर्षकगीत घाईत गुंडाळतात, संगीतकाराचं नाव तर चष्मा लावेपर्यंत निघून जातं. दादासाहेब फाळक्यांच्या जिल्ह्यात, कालिदास कलामंदिरात फक्त मालिकागीतांचा एक कार्यक्रम कुणी ठेवेल का? तिकीट काढून येऊ, पास नको.

— एक वाचक, पंचवटी, नाशिक