प्रस्तावपत्र न वाचता फायनान्सचे एमबीए?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

एमबीएच्या प्रवेशफेऱ्या सुरू झाल्या की फायनान्स घ्यावे का, म्हणून ओळखीतल्या मुलांचे फोन येतात. मी नोकरीची सगळी वर्षे एका कारखान्याच्या ट्रेझरी विभागात काढली. बँकांशी कर्जाच्या अटींवर घासाघीस, कमर्शियल पेपर (कंपनीने बाजारातून काढलेले अल्पमुदतीचे कर्ज), व्याजाच्या तारखा हेच रोजचे काम. निवृत्तीनंतर पिंपरी-चिंचवडमधल्या एका व्यवस्थापन संस्थेत कॉर्पोरेट फायनान्स आणि भांडवल बाजार हे विषय शिकवायला जातो. फायनान्स जरूर घ्या, असेच मी मुलांना सांगतो. पण तो ज्या पद्धतीने शिकवला जातो, त्याबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही.

मुले गणितात पक्की आहेत. बीटा, म्हणजे बाजाराबरोबर एखादा समभाग किती हलतो त्याचे माप, काढतात, भांडवलाचा सरासरी खर्च काढतात. मात्र दोन वर्षांत एकाही कंपनीचे प्रस्तावपत्र, म्हणजे समभाग विकायला काढताना द्यावी लागणारी माहितीपुस्तिका, पहिल्या पानापासून वाचलेले नसते. ऑक्टोबर २०२४ मध्ये ह्युंदाई मोटर इंडियाचा आयपीओ (लोकांना पहिली समभागविक्री) आला, २७,८७० कोटींचा, तोवरचा देशातला सर्वांत मोठा. या पैशाचे कंपनी काय करील, असे मी वर्गात विचारले. जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना ह्युंदाईने घेतल्याचे सगळ्यांना माहीत, त्यामुळे ‘तळेगावला लावतील’ हे उत्तर लगेच आले. मग पडद्यावर प्रस्तावपत्रातले ‘इश्यूची उद्दिष्टे’ हे प्रकरण उघडले आणि एका मुलीला मोठ्याने वाचायला सांगितले. सगळे समभाग कोरियातली मूळ कंपनी विकते आहे, भारतीय कंपनीच्या हाती त्यातला एक रुपयाही येणार नाही, हे तिथे स्वच्छ लिहिलेले होते. त्यानंतर तासभर प्रश्न थांबेनात. मग शेअर बाजारात नोंदणी कशासाठी? मूळ कंपनी आत्ताच का विकते आहे? ताळेबंदात काय बदलेल? भाव कोणी आणि कशावरून ठरवला? कॉर्पोरेट फायनान्स म्हणतात तो हाच, आणि तो परीक्षेच्या पेपरात कुठेच नाही.

पेपरात काय असते? कराचा दर ३० टक्के धरून कर्जावरची करबचत काढा. सप्टेंबर २०१९ पासून, सवलती सोडणाऱ्या कंपन्यांना मूळ दर २२ टक्के, अधिभार आणि उपकर धरून २५.१७ टक्के पडतो. कर्जाच्या व्याजाची वजावट मिळून कर वाचतो, त्यामुळे दर उतरला की कर्ज काढण्यातला कराचा फायदाही उतरतो. कर्ज किती आणि भागभांडवल किती, या निर्णयाशी याचा थेट संबंध आहे. तरी गणित जुनेच चालू आहे.

दुसरीकडे भांडवल बाजार म्हणजे ऑप्शनचे (पुढच्या भावाच्या अंदाजावर केलेले) सौदे, अशी समजूत मुले घरूनच घेऊन येतात. शेअर बाजाराची नियामक संस्था ‘सेबी’च्या २०२४ च्या अभ्यासानुसार आधीच्या तीन आर्थिक वर्षांत वायदे-ऑप्शनमध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला, एकूण १.८ लाख कोटींहून अधिक. वर्गात तास चालू असताना मोबाइलवर हे सौदे करणारी मुले मी पाहतो, तेव्हा पोटात कालवते. त्यातल्या कित्येकांची फी घरच्यांनी कर्ज काढून भरलेली असते.

मानांकनाचेही, म्हणजे कर्ज फेडण्याच्या क्षमतेला संस्था देतात त्या श्रेणीचेही, तेच. आयएल अँड एफएस या पायाभूत प्रकल्पांना पैसा पुरवणाऱ्या वित्तसमूहाला २०१८ च्या जुलैपर्यंत सर्वोच्च ‘एएए’ मानांकन होते. सप्टेंबरात हप्ते चुकले. समूहाच्या डोक्यावर सुमारे ९१ हजार कोटींचे कर्ज होते आणि त्याच्या कर्जरोख्यांत नोकरदारांच्या भविष्यनिर्वाह निधीचेही पैसे होते. त्या काळातली मानांकनाची टिपणे आणि कंपनीचा रोखप्रवाह शेजारी ठेवून वाचायला दिले, तर तीन अक्षरांवर किती विसंबायचे हे मुलांना आपले आपण कळते.

लांबचीच उदाहरणे हवीत असेही नाही. जून २०१७ मध्ये पुणे महापालिकेने चोवीस तास पाणी योजनेसाठी २०० कोटींचे रोखे ७.५९ टक्के व्याजाने विकले आणि मुंबई शेअर बाजारात नोंदवले. हे व्याज कोणत्या उत्पन्नातून जायचे? बँकेचे कर्ज घेतले असते तर काय फरक पडला असता? पुण्यात शिकणाऱ्या मुलांना यापेक्षा चांगले प्रकरण कुठले मिळणार? तरी माझ्या वर्गात या रोख्यांबद्दल कोणी ऐकलेलेसुद्धा नव्हते.

ही सगळी कागदपत्रे ‘सेबी’च्या आणि शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर फुकट मिळतात. विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांना माझी विनंती आहे की, फायनान्सच्या अंतर्गत गुणांपैकी निम्मे तरी एक प्रस्तावपत्र, एक वार्षिक अहवाल आणि एक मानांकन टिपण वाचून दिलेल्या तोंडी परीक्षेला ठेवावेत. परीक्षक म्हणून बाहेरचा, प्रत्यक्ष कर्ज काढलेला किंवा दिलेला माणूस बोलवावा. बँकांतून आणि कारखान्यांतून निवृत्त झालेले असे पुष्कळ जण गावोगावी आहेत, आणि मानधनाची अट न घालता येतील. मी स्वतः येईन.

– एक अभ्यागत प्राध्यापक, चिंचवड
(नाव प्रसिद्ध करू नये ही विनंती.)